१९१२ ची सदोष रिम: शोध सुरू कुठून करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९१२ च्या सुमाराचा मोटार कारखाना डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाइकांकडून चाकांच्या रिमा सदोष असल्याच्या तक्रारी येताहेत. एक्स-रे नाही, अल्ट्रासॉनिक नाही. अशा वेळी दोष कुठे आहे हे कसं शोधत असतील? आणि त्या काळच्या रिमा खरोखरच इतक्या कच्च्या होत्या का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. माझी बत्तीस वर्षं रिमांच्या तपासणीत गेली, आधी भोसरीला आणि नंतर चाकणला. निवृत्तीनंतर जुन्या मोटारी जपणाऱ्या मंडळींसाठी शंभर-शंभर वर्षांपूर्वीच्या रिमा तपासून देतो. एवढ्या रिमा हाताखालून गेल्यावर माझं ठाम मत झालंय की त्या काळच्या ‘सदोष’ रिमांमधल्या बऱ्याचशा ताकदीला कमी नव्हत्या, मापाला चुकलेल्या होत्या. मोडलेली रिम लगेच पकडली जाते. मापाला चुकलेली मोडत नाही, वाकतही नाही. ती टायर खाते, आणि तक्रार जाते टायरवाल्याच्या नावावर. त्यामुळे शोध घेणारा माणूस फक्त मोडलेल्या रिमांच्या ढिगाऱ्यात बसला तर अर्धा दोष त्याच्या हाती लागतच नाही.

असं का होतं हे कळायला त्या रिमची घडण डोळ्यांसमोर हवी. आजच्या टायरच्या कडेत न ताणणारी पोलादी तार असते, आणि ती तार टायरला रिमवर धरून ठेवते. १८९० साली इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी तारेच्या कडेची आणि मध्ये खोलगट घळ असलेल्या रिमची कल्पना पेटंट केली होती. पण त्याच वर्षी विल्यम बार्टलेट यांनी वेगळ्या जातीच्या टायरचं पेटंट घेतलं आणि मोटारींच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याचाच जोर राहिला. त्याला क्लिंचर म्हणत. त्याच्या कडेत तार नव्हती, रबर-कापडाचा जाड, ताणता येणारा कंगोरा होता. रिमच्या दोन्ही कडा आत वळवून त्यांचे आकडे केलेले असत. हवा भरली की कंगोरा त्या आकड्यात जाऊन बसे. या वळवलेल्या कडेला आपण ‘ओठ’ म्हणू. टायर रिमवर राहायचा तो या ओठाच्या आकारावर आणि रिमच्या घेरावर, तिसरा आधार नाही. मोठ्या गाड्यांना काही जागी टायर आवळून धरणारे बोल्ट असत, पण ते मदतीपुरते.

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. तिला पुढे ३० बाय ३ आणि मागे ३० बाय ३½ असे क्लिंचर टायर होते. त्या मापात पहिला आकडा फुगवलेल्या टायरचा बाहेरचा व्यास आणि दुसरा टायरची जाडी. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली की रिमचा व्यास मिळतो: पुढे २४ इंच, मागे २३ इंच. हवेचा त्या काळचा सरधोपट नियम होता, जाडीच्या दर इंचाला २० पौंड. म्हणजे साडेतीन इंची टायरला ७० पौंड हवा. आता ढोबळ हिशेब करा. दाबाला टायरच्या निम्म्या जाडीनं गुणलं तर ओठाच्या दर इंचावर सुमारे १२० पौंडांची, म्हणजे ५५ किलोच्या आसपास ओढ येते. २३ इंची रिमचा घेर सव्वाबहात्तर इंच. म्हणजे एका बाजूच्या ओठावर चार टनांच्या घरातली ओढ, आणि ती धरायला जेमतेम बोटाच्या पेराएवढी वळवलेली पोलादी कड. ओठ थोडा उघडा राहिला, घेर थोडा कमी भरला, तर काय होईल ते सांगायला नको.

आता ही रिम तयार कशी व्हायची ते पाहू. पोलादाच्या पट्टीला रुळांमधून, म्हणजे फिरत्या रोलरांमधून, काढून क्लिंचरचा आकार द्यायचा. ठरलेल्या लांबीला कापायची, वळवून कडं करायचं, दोन्ही टोकं विजेनं तापवून एकमेकांवर दाबून जोडायची. ही विजेच्या जोडणीची पद्धत अमेरिकेत एलिहू थॉमसन यांनी १८८० च्या दशकात काढली होती आणि रिमच्या धंद्यात ती चांगलीच रुळली. जोडापाशी धातू फुगून बाहेर येतो, तो घासून काढायचा. मग कडं फर्म्यावर चढवून ताणून किंवा दाबून नेमक्या घेराला आणायचं, व्हॉल्वचं भोक पाडायचं, रंग द्यायचा आणि लाकडी चाकावर चढवायचं.

शेवटचा टप्पा आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो ते ज्यानं पाहिलंय त्याला ते ओळखीचं वाटेल. शेणींच्या आगीत तापवलेली धाव चाकावर टाकायची, पाणी मारायचं, लोखंड आवळलं की सगळे आरे करकचून बसतात. अमेरिकेतली मोटारींची चाकं हिकरीच्या लाकडाची, आणि कारखान्यात हे काम दाबयंत्रावर होई, पण तत्त्व तेच. फरक एवढाच की बैलगाडीच्या धावेला बाहेरून काही अडकवायचं नसतं, त्यामुळे ती घेरात सूतभर मोठी झाली तरी लोहार पाचर मारून भागवतो. मोटारीच्या रिमला आतून लाकडाशी जुळायचं आणि बाहेरून टायरशीही. एका कड्याला दोन मापं सांभाळायची, आणि दोन्ही वेगवेगळ्या कारखान्यांत ठरलेली. रिमवाल्याची, लाकडी चाकवाल्याची आणि टायरवाल्याची मापपट्टी एकच असेल याची खात्री तेव्हा कुणी देत नव्हतं. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रूकलंड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तीन कॅडिलॅक गाड्या सुट्या करून, भाग एकमेकांत मिसळून पुन्हा जोडल्या आणि ५०० मैल पळवल्या, तेव्हा त्या गोष्टीचं एवढं कौतुक झालं की गाडीला मोटारींसाठीचा ब्रिटिश डेवार करंडक मिळाला. सुटे भाग आपसात बदलता येणं ही तेव्हा बक्षीस देण्याजोगी बाब होती, हे यावरून ध्यानात घ्या.

आता शोधाकडे. तक्रारीच्या रिमा परत आल्या की पहिलं काम म्हणजे त्या धुवायच्या नाहीत, घासायच्या नाहीत. टायर आणि ट्यूब सोबत मागवायची. माझ्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त पुरावा कुठे नाहीसा झाला असेल तर तो उत्साही मदतनिसाच्या वायर ब्रशखाली.

दुसरं काम म्हणजे रिमा जमिनीवर ओळीनं मांडायच्या, सगळ्यांचा जोड एकाच दिशेला, घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवून. मग फक्त बघायचं. भोसरीला असताना एका गिऱ्हाइकाकडून तडा गेलेल्या चौदा रिमा परत आल्या होत्या. सगळ्यांनी न बघता जोड खात्याला धरलं, कारण तडा म्हटलं की जोड हेच सगळ्यांच्या डोक्यात. आमच्या जुन्या सुपरवायझरनी त्या शेडच्या जमिनीवर मांडल्या, जोड भिंतीकडे करून. चौदापैकी अकरांचा तडा एकाच ठिकाणी होता, व्हॉल्वच्या भोकापाशी, जोडापासून चांगला लांब. भोक पाडायचा पंच झिजला होता. तो भोक कापण्याऐवजी धातू फाडत होता आणि फाटलेल्या काठावर केसाएवढ्या चिरा सोडत होता. उरलेल्या तीन रिमांचं कारण वेगळंच निघालं. त्या मांडणीला अर्धा तास लागला असेल, आणि जोड खात्यातल्या दोन पोरांच्या नोकऱ्या वाचल्या. १९१२ सालच्या कारखान्यात हे करायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं, आजही लागत नाही.

तडा कुठे आहे यावरून पुढची दिशा ठरते. नेमका जोडावर असेल तर जोडणी. जोडाच्या शेजारी, अर्ध्या-पाऊण इंचावर असेल तर जास्त तापलेला भाग किंवा घासताना पातळ झालेली पट्टी. भोकापाशी असेल तर पंच किंवा बर, म्हणजे काठावर राहिलेली धातूची कुसळं, न काढणं. ओठाच्या वळणावर, घेराच्या दिशेनं लांबच लांब धावत असेल तर पोलाद. हा शेवटचा प्रकार मला नेहमी जास्त विचार करायला लावतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

लाटलेल्या पोलादाला लाकडासारखा धागा असतो. ओतलेल्या ठोकळ्यात गंधकाची संयुगं, गाळ, पोकळी जे काही अडकलेलं असतं ते लाटताना लांब ताणलं जातं आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेनं दोऱ्यांसारखं पसरतं. धाग्याला आडवी घडी घातली तर पोलाद बरंच सोसतं. धाग्याच्या बाजूनं, समांतर घडी घातली तर ते लवकर उलतं. रिमच्या नशिबी नेमकी ही दुसरी घडी येते, कारण पट्टीची लांबी म्हणजेच रिमचा घेर, आणि ओठ वळवायचा तो त्या घेराच्या बाजूनं. म्हणजे पोलादाच्या सगळ्यात कमजोर दिशेला सगळ्यात कडक वळण. गाळाचं प्रमाण जास्त असलेली पट्टी आली की ओठाच्या बाहेरच्या अंगाला घेराच्या बाजूनं बारीक चिरा दिसतात, आणि पोकळीचा भाग आला असेल तर कड चक्क दोन पापुद्र्यांत सुटते, शिळ्या भाकरीचा पापुद्रा सुटतो तशी. याला जोडणी, ताणणी, रंग, कुठलंच खातं जबाबदार नसतं. हा दोष पोलादाच्या गिरणीतून पट्टीबरोबरच आलेला असतो.

तो सिद्ध करायची साधनं १९१२ साली होती. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६० च्या दशकातच पोलाद घासून, चकचकीत करून, आम्लानं खुलवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. १९०६ मध्ये जर्मनीत बाउमान यांनी गंधकाचा ठसा घ्यायची युक्ती काढली. फोटोचा ब्रोमाइड कागद सौम्य गंधकाम्लात भिजवायचा आणि घासलेल्या पोलादावर दाबून धरायचा. जिथे गंधक साठलेलं असेल तिथे कागद तपकिरी-काळा होतो. पट्टीच्या आडव्या छेदाचा असा ठसा घेतला आणि मधोमध गडद रेघ आली, की गिरणीला पत्र लिहायला तेवढा कागद पुरेसा. पट्टी विकणाऱ्याशी वाद घालताना तोंडी बोलण्यापेक्षा असा ठसा कितीतरी वजनदार ठरतो.

कडकपणाच्या चाचणीबद्दल एक सावधानी. ब्रिनेल यांची गोळी दाबून कडकपणा मोजायची पद्धत १९०० पासून माहीत होती, आणि त्या काळावर लिहिणारे बरेच जण ती सगळीकडे घुसडतात. दहा मिलिमीटरची गोळी तीन हजार किलोच्या भारानं दोन-तीन मिलिमीटरच्या पट्टीवर दाबली तर खळगा पाठीमागून बाहेर दिसतो आणि आलेला आकडा निरर्थक असतो. जाड भागांसाठी ती चाचणी उत्तम, रिमसाठी नाही. पातळ पत्र्याला सोयीच्या रॉकवेल चाचणीचं पेटंट मिळालं ते १९१९ साली. तोपर्यंत रिम खात्यात कडकपणा सांगायची ती कानस. जोडाजवळ कानस घसरते की चावते, हे सरावलेल्या हाताला बरोबर कळतं. मी स्वतः ते शिकलोय आणि आजही आधी कानस लावतो, मग यंत्र.

आता जोड. एक जोड जवळून दाखवतो. संशयित रिम जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं अंतर ठेवून हॅकसॉनं कापायची. तो तुकडा व्हाइसमध्ये अर्धा धरून हातोड्यानं वाकवायचा, घासलेली बाजू बाहेर येईल असा. चांगला जोड वाकतो, ताणतो, आणि अगदीच मोडला तर मोडलेलं तोंड राखाडी, खरखरीत, तंतुमय दिसतं. कच्चा जोड पहिल्या दुसऱ्या घावाला सुटतो. दोन्ही तोंडं सपाट, गुळगुळीत, आणि कधी कधी निळसर किंवा काळपट, म्हणजे तापवलं पण पुरेसं दाबलं नाही, मध्ये खवला, म्हणजे तापलेल्या पोलादावर धरणारा काळा पापुद्रा, अडकला. तोंड चमचमतंय, खडीसाखरेचे दाणे फोडल्यासारखं, तर उलट भानगड: जास्त तापवलं, दाणे मोठे झाले, पोलाद ठिसूळ झालं. उरलेला अर्धा तुकडा उभा कापून पॉलिश पेपरवर बारीक होत जाणाऱ्या क्रमानं घासायचा आणि अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल घालून त्यावर कापूस फिरवायचा. दोन-चार सेकंदांत राखाडी पृष्ठभागावर एक फिकट पांढरी रेघ उमटते, जोडाची. त्या जागचा कार्बन तापवताना जळून गेलेला असतो. रेघ बारीक आणि सरळ असेल तर काळजी नाही. रेघेवर काळे ठिपके ओळीनं बसलेले दिसले तर तिथे जोड झालेलाच नाही, फक्त शेजार झालेला आहे.

इथे त्या काळचा एक गैरसमज सांगतो, कारण तुम्ही जुने अहवाल वाचाल तर तो तुम्हाला भेटेल. चमचमणारं तोंड दिसलं की ‘सततच्या हादऱ्यांनी पोलाद स्फटिकमय झालं’ असा शेरा मारून प्रकरण मिटवत. हादऱ्यांनी पोलादाचे स्फटिक बनत नाहीत, पोलाद पहिल्यापासून स्फटिकांचंच असतं. वारंवारच्या ताणानं जो तडा जातो तो हळूहळू पुढे सरकतो, आणि मोडलेल्या तोंडावर ओहोटीच्या वाळूसारख्या वक्र रेषा सोडतो. शेवटचा उरलेला भाग एकदम मोडतो आणि तो चमचमतो. १९०० च्या आधीच ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून हा थकव्याचा प्रकार दाखवून दिला होता. १९०३ मध्ये युइंग आणि हम्फ्री यांनी धातूच्या कणांत सरकपट्ट्या कशा वाढत जाऊन तडा बनतात तेही सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. पण कारखान्याच्या भाषेत ‘स्फटिकमय’ हा शब्द पुढे बरीच वर्षं टिकला. तुम्ही त्या रेषा शोधा. त्या जिथे सुरू होतात तिथे दोषाचा जन्म.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांसाठी रेल्वेवाल्यांकडून आलेली तेल-खडूची पद्धत होती. रिम रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, कोरडी पुसायची, वर पांढऱ्या खडूचा पातळ लेप द्यायचा. चिरेत शिरलेलं तेल हळूहळू लेपात झिरपतं आणि पिवळट रेघ उमटते. आपल्याकडे गॅरेजमध्ये आजही डिझेल आणि खडूनं हेच करतात. दोरीला टांगून हातोडीनं वाजवणं ही आणखी सोपी रीत. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तसंच. तडकलेली रिम बद्द वाजते. मात्र वाजवून रिम ‘पास’ करू नका. घेराला समांतर गेलेला पापुद्रा असलेली रिम छान खणखणीत वाजू शकते, आणि मापाला चुकलेली तर नेहमीच.

म्हणजे फिरून मापावर आलो. घेर मोजायचा तो पोलादी फितीनं, व्यास कधीच मोजायचा नाही. रिम जरा अंडाकृती असेल तर व्यास प्रत्येक ठिकाणी वेगळा येतो, घेर मात्र तोच राहतो. शिवाय व्यासातली १/१६ इंचाची चूक घेरात जवळजवळ १/५ इंच होऊन दिसते, म्हणजे चूक पकडणं तिप्पट सोपं. ओठाच्या आकारासाठी पत्र्याचा फर्मा, एक ‘जायला हवा’ आणि एक ‘जायला नको’. फर्मा निदान आठ ठिकाणी लावायचा, आणि जोडावर हमखास, कारण जोडाचा फुगवटा घासताना ओठाच्या आतल्या कोपऱ्यात कानस पोचत नाही. तिथे राहिलेलं टेकाड टायरच्या कंगोऱ्याला एकाच जागी रोज चावतं. टायर फाटल्याची तक्रार येते, आणि फाटलेली जागा रिमच्या जोडासमोर येते का हे कुणी पाहत नाही. टायर सोबत मागवा म्हणालो ते यासाठी. रिमच्या कडेनं टायर कापला जाण्याचं दुखणं तेव्हा इतकं पसरलेलं होतं की गुडइयरनं आपल्या टायरचं नावच ‘नो-रिम-कट’ ठेवलं आणि त्यावर जाहिराती केल्या. त्यातली सगळीच टायर-कापणी रिमच्या दोषामुळे नव्हती, कमी हवेवर गाडी चालवणं हेही मोठं कारण होतं. पण कमी हवेनं कापलेला टायर घेरभर सारखा कापलेला असतो. जोडाच्या टेकाडानं कापलेला एकाच जागी.

ओठावरच्या खुणाही वाचता येतात. गाडीवरची रिम काढता येत नसे तेव्हा मालक रस्त्याच्या कडेला टॉमी घालून टायर उपसायचा. टॉमीची खूण म्हणजे इंचभराचा तीव्र खळगा, ओठ तिथे बाहेरच्या अंगाला झुकलेला. कारखान्यातल्या रुळाची खूण वेगळी असते: रुळावर एक खवला चिकटला तर प्रत्येक फेऱ्याला तोच ठसा उमटतो. सहा इंच व्यासाचा रूळ असेल तर साधारण दर १९ इंचांवर. दोन खुणांमधलं अंतर मोजा, ३.१४ नं भागा, रुळाचा व्यास मिळतो, आणि मग कुठल्या यंत्रावर जायचं ते कळतं. मला या धंद्यात इतकं समाधान दुसऱ्या कुठल्याच हिशेबानं दिलेलं नाही.

लाकूड आणि रिम यांच्यामधल्या ढिलेपणाबद्दल थोडक्यात. लाकूड सुकतं, आक्रसतं, चाक करकरायला लागतं. दोष रिमच्या घेराचा की लाकडातल्या ओलाव्याचा, हे ठरवायला रिम उतरवून मोजण्यावाचून इलाज नाही. उन्हाळ्यात आपले गाडीवान चाकं नदीत बुडवून ठेवत तसं मोटारवालेही करत. त्यानं आठ दिवस निभावतं आणि पुढे लाकूड कुजतं.

१९०६ पासून चित्र बदलायला लागलं. त्या जूनमध्ये ल मानजवळ झालेल्या पहिल्या फ्रेंच ग्राँ प्रीत मिशेलिनच्या सुट्या होणाऱ्या रिमा वापरल्या गेल्या. फक्त चालक आणि त्याच्या मेकॅनिकनंच गाडीला हात लावायचा असा नियम होता. त्यामुळे टायर कापून काढून नवा चढवत बसण्याऐवजी काही नट सोडून फुगवलेल्या टायरसकट रिम बदलणं हा मोठा फायदा ठरला. रेनोवर फेरेन्क सिस जिंकले. त्याच्या दोन वर्षं आधी वेल्समधल्या लानेल्ली गावात डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावर बाहेरून अडकवायचं आऱ्यांशिवायचं जादा कडं काढलं होतं. त्यांचं दुकान स्टेपनी रस्त्यावर, म्हणून नाव स्टेपनी. ते कडं कधीच इतिहासजमा झालं, पण आपण महाराष्ट्रात जादा चाकाला आजही स्टेपनीच म्हणतो.

सुट्या रिमांनी रस्त्यावरचा त्रास कमी केला आणि तपासनिसाचं काम वाढवलं. आता पाचरी, क्लँप, फटीच्या रिमा, रिंगा असे भाग आले. एक नट जास्त आवळला की रिम एका बाजूला सरकते आणि चाक डुगडुगतं, रिम मात्र निर्दोष असते. मॉडेल टीलाही १९१९ पासून सुट्या रिमा मिळायला लागल्या. त्या पुरवणारे कारखाने अनेक होते, आणि एकाचे क्लँप दुसऱ्याच्या रिमवर बसतील असं नव्हतं. बसवले तर बसल्यासारखे दिसतात, एवढंच. रिंगांच्या रिमबद्दल मनापासून सांगतो: आपल्याकडच्या जुन्या ट्रकांच्या लॉक रिंगा, म्हणजे टायर रिमवर अडवून धरणारी सुटी कडी, हवा भरताना उडून पंक्चरवाल्यांचे जीव गेलेले आहेत. गंजलेली किंवा दुसऱ्या चाकाची रिंग लावून हवा भरू नका, आणि हवा भरताना चाक ज्यात ठेवतात त्या लोखंडी पिंजऱ्याशिवाय तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट त्या काळाबद्दल. १९१४ च्या सुमारास एकटा फोर्ड वर्षाला दोन लाखांहून जास्त गाड्या काढत होता. म्हणजे आठ लाखांवर रिमा. हजारात एक चुकली तरी वर्षाला आठशे चाकं. प्रत्येक रिमला फर्मा लावणारे तपासनीस होते, पण ते चांगल्या-वाईटाची निवड करत. वाईट निघण्याचं प्रमाण आज का वाढलं हे विचारायची रीत अजून बसली नव्हती. वॉल्टर शुहार्ट यांनी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नियंत्रण तक्ता, म्हणजे दोषांचं प्रमाण नेहमीच्या मर्यादेबाहेर कधी जातं ते दाखवणारा आलेख, मांडला तो १९२४ साली. त्याआधी जो कुणी तपासनीस वहीत तारीख, पट्टीचा लॉट, यंत्र आणि पाळी लिहून ठेवत असेल, त्यानंच खरा शोध लावला असणार. तुम्हाला एखाद्या कारखान्याची अशी वही कुठल्या संग्रहात सापडली तर ती अहवालांपेक्षा मोलाची समजा.

शेवटी अलीकडचं एक प्रकरण, तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडणारं. कोल्हापूरकडच्या एका मालकांची १९२० च्या दशकातली गाडी, चारही रिमा क्लिंचर आणि एकाच मापाच्या. उजव्या मागच्या चाकाची ट्यूब सहा महिन्यांत दोनदा गेली, दोन्ही वेळा व्हॉल्वच्या मुळाशी फाटून. त्यांनी टायर बदलला, ट्यूब बदलली, पुरवठादाराशी भांडण झालं. मी गेलो तेव्हा गाडीला हात लावायच्या आधी व्हॉल्व पाहिला. बाकीच्या तीन चाकांवर तो सरळ केंद्राकडे बघत होता, या चाकावर तिरका. म्हणजे टायर रिमवर सरकत होता आणि जाताना ट्यूब ओढत नेत होता. टायर उतरवून चारही घेर मोजले. तीन एकमेकांशी मिलिमीटरभरात जुळत होते. चौथा नऊ मिलिमीटरनं कमी. व्यासात ते तीन मिलिमीटरसुद्धा होत नाही, डोळ्यांना कळणं शक्य नाही. रंग खरवडला तेव्हा मूळ जोडाच्या समोरच्या बाजूला दुसरा जोड निघाला, गॅसचा, फार सफाईदार. कधीतरी कुणीतरी ती रिम कापून, टोकं घासून पुन्हा जोडली होती. करवतीनं आणि कानशीनं खाल्लेले ते नऊ मिलिमीटर.

जोड इतका पक्का होता की वाकवून बघितला तरी सुटला नसता. ती रिम आता माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर आहे. तुमच्याकडे अशी एखादी रिम असेल तर मला फोटो पाठवताना तीन पाठवा: व्हॉल्वचा, जोडाचा, आणि जिथे तडा आहे तिथला जवळून. मोडलेली दोन तोंडं एकमेकांना लावून बघू नका, त्यावरच्या रेषा घासल्या जातात. जुन्या वर्तमानपत्रात वेगवेगळी गुंडाळून ठेवा आणि चारही चाकांचे घेर पोलादी फितीनं मोजून सोबत लिहा.